रेस शिडाचे कॅम्बर वळणावर उलटत नाहीत : लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कुठे थांबायचे

लक्षणे

विंडसर्फिंगच्या फळीवर वाऱ्याकडे पाठ करून वळण घेतले, पाय बदलले, बूम, म्हणजे शीड धरायचा आडवा दांडा, दुसऱ्या बाजूला आला. शीड मात्र जुन्याच बाजूला पोट काढून बसले आहे. मागच्या हाताने बूमला एकदोन जोरकस झटके दिले की फट्ट असा आवाज होऊन बॅटन, म्हणजे शिडात आडव्या बसवलेल्या लवचीक काठ्या, पलटतात. कधी दोन पलटतात आणि तिसरी अडून राहते. मग वरचा भाग एका बाजूला आणि खालचा दुसऱ्या बाजूला फुगलेले वेडेवाकडे शीड हातात धरून पुढचे शंभर मीटर काढावे लागतात. रेस शिडाबद्दलची ही तक्रार माझ्याकडे दर उन्हाळ्यात येते. पुण्याभोवतीच्या जलाशयांवर विंडसर्फिंग करणारे फार नाहीत, पण जे आहेत त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची शिडे कोथरूडमधल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये पसरलेली शेजाऱ्यांनी पाहिली आहेत.

तक्रार वरवर एकच वाटली तरी तिचे प्रकार वेगळे आहेत, आणि हत्यार हातात घेण्यापूर्वी आपला प्रकार कोणता हे पाहून घ्यावे. सगळे कॅम्बर, म्हणजे बॅटनच्या पुढच्या टोकांचे चिमटे, दोन्ही बाजूंना अडत असतील आणि झटक्याने सुटत असतील, तर बहुतेक वेळा डाउनहॉल, म्हणजे शीड मास्टच्या (डोलकाठीच्या) बुडाकडे खेचणाऱ्या दोरीचा ताण, कमी आहे. फक्त बूमच्या जवळचा कॅम्बर अडत असेल, तर बूमची उंची, त्या बॅटनचा ताण किंवा मास्टचा वाक यांपैकी काहीतरी चुकले आहे. एका बाजूकडून सहज उलटतो आणि परत येताना अडतो, असे असेल तर दोष ताणाचा नाही, कारण ताण दोन्ही बाजूंना सारखाच असतो. तिथे घाण, फुटलेले रोलर किंवा तिरपा बसलेला कॅम्बर शोधावा. गेल्या हंगामात ठीक होते आणि आता अडते, असे असेल तर मधल्या काळात काय बदलले ते आठवावे: दोरी, मास्ट, एक्स्टेन्शन (मास्टची लांबी वाढवणारा बुडाचा तुकडा), की शीड ठेवण्याची जागा. आणि कॅम्बर उलटण्याऐवजी मास्टवरून निसटूनच जात असतील, तर तो नेमका उलटा आजार आहे. त्याच्यावर खालचे ताण सोडवण्याचे उपाय केले तर तो वाढेल.

शीड असे का वागते

कॅम्बर म्हणजे बॅटनच्या पुढच्या टोकाला बसवलेला, मास्टला मागून कवटाळणारा प्लास्टिकचा चिमटा. नुसत्या गोल मास्टच्या मागे कापड सुरू झाले, तर मास्ट ओलांडल्याबरोबर हवा पृष्ठभाग सोडते आणि तिथे भोवरे तयार होतात. कॅम्बर मास्ट आणि कापड यांना एका सलग वळणात आणतो आणि रुंद लफ स्लीव्ह, म्हणजे मास्ट ज्यात जातो ती पुढची बाही, त्या वळणावर त्वचेसारखी बसते. त्यामुळे वारा अजून भरायचा असतानाही शिडाला पोट असते, आणि वाऱ्याचा जोर वाढला तरी पोटाची सर्वांत खोल जागा मागे सरकत नाही. ही जागा मागे सरकणे म्हणजे मागच्या हातावर एकदम ओझे येणे. ज्याने कॅम्बर नसलेले मोठे शीड भर वाऱ्यात धरले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

या स्थिर आकाराची किंमत वजनात, बांधणीला लागणाऱ्या वेळात आणि वळणावरच्या अडेलपणात मोजावी लागते. रुंद बाहीत पाणी भरते, म्हणून पडल्यावर शीड उचलणे जिकिरीचे होते. १९९६ ते २००४ या तीन ऑलिंपिकमध्ये वापरलेल्या मिस्ट्रल वन डिझाइनचे ७.४ चौरस मीटरचे शीड किंवा तरुणांच्या टेक्नो २९३ वर्गातले ७.८ चौरस मीटरचे शीड कॅम्बरशिवाय असते आणि वळणावर आपोआप पलटते. अशा शिडावर हात बसलेला माणूस जेव्हा तीन-चार कॅम्बरचे शीड घेतो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याला वाटते की आपल्याला खराब माल मिळाला. माल चांगला असतो. त्या शिडाने आकाराच्या बाजूने कौल दिलेला असतो, इतकेच.

कॅम्बर मास्टवर दाबला गेला तरच आकार टिकतो आणि फार दाबला गेला तर तो उलटत नाही. पुढची सगळी तपासणी या एका दाबाभोवती फिरते. काही उपायांनी दाब योग्य जागी येतो आणि आकाराचे काही जात नाही; काही उपाय दाबाबरोबर आकारही काढून घेतात. हा फरक न कळल्यामुळे मी स्वतः एक अख्खा हंगाम वाया घालवला. पहिल्या रेस शिडाचे कॅम्बर अडू लागले, तेव्हा मी सरळ बाहीची चेन उघडून प्रत्येक कॅम्बरमधली एकेक चकती, म्हणजे कॅम्बरचा मास्टवरचा दाब वाढवणारी पातळ कडी, काढून टाकली. शीड लोण्यासारखे उलटू लागले. पण वाऱ्याचा जरा मोठा झोत आला की खालचा कॅम्बर मास्टवरून निसटायचा आणि पोट मागे जायचे. चार महिन्यांनी चकत्या परत घातल्या आणि डाउनहॉल तीन सेंटिमीटर जास्त ओढला, तेव्हा दोन्ही तक्रारी एकदम गेल्या. म्हणून खालचा क्रम नुसता खर्चाचा नाही. आकार न गमावता होणारे उपाय आधी आणि आकार खाणारे उपाय नंतर, असाही तो लावलेला आहे.

वारा पुरेसा आहे का

ही तपासणी फुकट आहे आणि तरीही ती कोणी करत नाही. कॅम्बर असलेली बॅटन वाऱ्याच्या दाबाने पलटते. वारा आठ-दहा नॉटच्या खाली असेल तर निर्दोष शीडसुद्धा स्वतःहून पलटत नाही आणि हाताने झटका द्यावाच लागतो. आपल्याकडे ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत बरेच दिवस असेच जातात. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेकडून वारा सुरू होतो किंवा पावसाळ्यात तो जोर धरतो, त्या दिवसांतही शीड अडत असेल, तरच पुढे जावे. पाण्यावर झटका कसा द्यावा हेही एकदा पाहून घ्यावे: वळण पूर्ण होऊन बूम नव्या बाजूने हातात आल्यावर मागचा हात आखूड आणि तीव्र ओढायचा असतो, सावकाश नव्हे. सावकाश ओढल्यास बॅटन वाकते आणि परत येते.

डाउनहॉल

माझ्याकडे आलेल्या शिडांपैकी बहुतेकांचा दोष इथेच निघाला, म्हणून या तपासणीला घाई करू नये.

शिडाची पुढची कड कमानीसारखी बेतलेली असते. सरळ मास्ट या कमानीत घातला की मधल्या भागात तो कापडाच्या मानाने मागे राहतो आणि बॅटनची टोके त्याच्यावर येऊन रुततात. डाउनहॉलची दोरी शीड खालच्या टोकाकडे खेचते, मास्ट वाकतो, त्याचा मधला भाग पुढे सरकतो आणि बॅटनवरचा दाब सुटतो. म्हणजे कॅम्बर सैल करण्यासाठी शीड अधिक ताणायचे असते. हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते, आणि म्हणूनच अडणारे शीड पाहून माणसे डाउनहॉल आणखी ढिला करतात.

डाउनहॉलचे दुसरे काम शिडाच्या वरच्या भागात असते. मास्ट वाकला की लीच, म्हणजे मागची कड, वरच्या दोन-तीन बॅटनच्या मध्ये सैल पडते. झोत आला की हा सैल भाग उघडतो, जास्तीचा वारा सांडतो आणि शीड हातातून निसटायला पाहत नाही. जमिनीवर पसरलेले असे शीड वरून अगदी बिघडलेले, लुळे दिसते. नवशिक्याला ते बघवत नाही आणि तो दोरी थोडी सोडून ती कड घट्ट करतो. शीड मग सुबक दिसते, पण कॅम्बर अडतात आणि झोतात वरचा भाग माणसाला ओढून पाडतो.

पुण्यात याला आणखी एक निमित्त मिळते. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि त्या उंचीवर हवेची घनता समुद्रकिनाऱ्यापेक्षा ढोबळमानाने पाच टक्क्यांनी कमी भरते. ‘गोव्यात हेच शीड जोर देत होते, इथे देत नाही, म्हणून डाउनहॉल कमी ठेवला’, असे मला अनेकांनी सांगितले आहे. घनतेचा फरक खरा आहे, पण शिडावरचा जोर वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे पाच टक्क्यांची ही तूट वेगात अडीच टक्क्यांएवढीच येते. पंधरा नॉटच्या वाऱ्यात ती अर्ध्या नॉटलाही पोचत नाही. एवढ्यासाठी डाउनहॉल सोडणे म्हणजे चार आण्यांच्या कोंबडीला बारा आण्यांचा मसाला. जोर खरोखर कमी पडत असेल तर मोठे शीड घ्यावे किंवा आउटहॉल, म्हणजे शिडाचा मागचा कोपरा बूमच्या टोकाकडे ओढणारी दोरी, थोडा सोडावा.

आता प्रत्यक्ष तपासणी. शिडावर किंवा त्याच्या पिशवीवर लफची लांबी छापलेली असते. लफ ४९० सेंटिमीटर आणि मास्ट ४६० असेल, तर एक्स्टेन्शन ३० वर लावावे. शीड सावलीत जमिनीवर पसरावे, डाउनहॉल अर्ध्याहून थोडा जास्त ओढावा, मग चेनच्या फटीतून कॅम्बर एकेक करून मास्टवर चढवावेत आणि त्यानंतरच उरलेला डाउनहॉल ओढावा. बहुतेक रेस शिडांच्या वरच्या पॅनेलवर ठिपके किंवा रेघा छापलेल्या असतात. लीचचा सैलपणा आतल्या बाजूला कुठपर्यंत पोचला पाहिजे, हे त्या सांगतात. किमान खुणेच्या अलीकडेच सैलपणा थांबत असेल, तर डाउनहॉल कमी आहे आणि बाकी काही तपासण्यात अर्थ नाही. फॉइलसाठी, म्हणजे फळीला पाण्यावर उचलणाऱ्या पाण्याखालच्या पंखासाठी, बेतलेल्या शिडांत वरची कड मुद्दाम कमी सैल ठेवलेली असते, म्हणून मित्राच्या शिडाशी तुलना करू नये. आपल्या शिडावरची खूण पाहावी. एक सेंटिमीटरनेही फरक पडतो, त्यामुळे एकेक सेंटिमीटर वाढवत जावे आणि दर वेळी शीड उभे धरून हाताने उलटवून पाहावे. गवतावर, हलक्या वाऱ्यात हे दहा मिनिटांचे काम आहे आणि त्यासाठी पाण्यावर जाण्याची गरज नसते.

शिडाची कप्पी एक्स्टेन्शनच्या कप्पीला टेकली आणि तरीही खूण गाठली गेली नाही, असे झाले तर एक्स्टेन्शन दोन सेंटिमीटर वाढवावे. छापील आकडा हा आरंभ असतो. उलट कप्प्या दूर आहेत पण दोरीच पुढे सरकत नाही, असे असेल तर दोरी पाहावी. कप्प्यांमधून दोरीचे सहा पदर जातात. त्यांतले दोन एकमेकांवर आले किंवा दोरीचे धागे सुटून ती जाड झाली, तर हाताचा निम्मा जोर घर्षणात जातो. चार मिलिमीटरची, न ताणणारी डायनीमाची दोरी लागते. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारी साधी नायलॉनची दोरी मजबूत असते, पण ती ताणली जाते: काठावर खूण बरोबर येते आणि अर्ध्या तासाने पाण्यावर दोन सेंटिमीटर सैल पडलेली असते. ‘सुरुवातीला उलटत होते, नंतर अडू लागले’ या तक्रारीचे हे ठरलेले कारण आहे.

ओढताना जमिनीवर बसून पाय एक्स्टेन्शनच्या तळाला लावावेत, दोरी हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) आकड्याला किंवा एखाद्या दांड्याला गुंडाळावी आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोराने मागे जावे. वाकून, नुसत्या हातांनी ओढणाऱ्यांच्या कमरेची दुरुस्ती माझ्याकडे होत नाही.

आउटहॉल आणि बूम

आउटहॉल एक-दोन सेंटिमीटर वाढवला की बॅटन मागे ओढल्या जातात आणि दाब थोडा उतरतो. याने पोटही थोडे सपाट होते, म्हणून दोन सेंटिमीटरच्या पुढे जाऊ नये. बूमचे डोके बाहीच्या कापावर चिमटा घेऊन बसले आहे का आणि जवळची बॅटन त्याला घासते का, हे बोट घालून पाहावे. बूम तीन-चार सेंटिमीटर वर किंवा खाली केल्याने एकट्या खालच्या कॅम्बरची तक्रार मिटल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

बॅटनचा ताण

इथे पहिल्यांदा ॲलन की लागते. बॅटनचा ताण कापडावरच्या सुरकुत्या घालवण्यापुरता असावा: डाउनहॉल आणि आउटहॉल पूर्ण लावलेले असताना बॅटनला काटकोनात पडणाऱ्या बारीक सुरकुत्या नुकत्याच मिटतील, इतकाच. त्याच्या पुढे दिलेला प्रत्येक आटा बॅटनला मास्टमध्ये रुतवतो. हंगामात सुरकुती दिसली की अर्धा आटा, पुन्हा दिसली की अर्धा आटा, असे करत करत वर्षअखेरीस बॅटन धनुष्यासारखी ताणलेली असते आणि मालकाला त्याची आठवणही नसते. त्यातही त्या सुरकुत्या मुळात कमी डाउनहॉलमुळे आलेल्या असतात, म्हणून ही तपासणी डाउनहॉलच्या आधी केली तर चुकीचे उत्तर मिळते.

सगळ्या बॅटन सैल करून सुरकुत्या येऊ द्याव्यात आणि मग वरून खाली एकेक करून पुन्हा ताण द्यावा. किती आटे दिले ते मास्किंग टेपवर लिहून ठेवावे. बॅटन पूर्ण बाहेर काढायची असेल, तर डाउनहॉल सोडून मगच काढावी आणि तिच्या मागच्या टोकासमोर तोंड नेऊ नये. ताणलेली बॅटन स्क्रू सुटल्याबरोबर बाहेर झेप घेते. बॅटन काढलीच आहे तर ती हाताने हलकी वाकवून, टोकापासून टोकापर्यंत पाहून घ्यावी. आतल्या आत चीर गेलेली नळी एका बाजूला जास्त वाकते, आणि एकाच बाजूला अडणाऱ्या कॅम्बरचे ते एक कारण असते.

धूळ, चिखल आणि खोबरेल तेल

समुद्रकिनाऱ्यावर वाळू आणि मीठ, आपल्याकडे चिखल. मे महिन्यात धरणांचे पाणी मागे हटते आणि पाण्यापर्यंत पोचायला वाळलेल्या, भेगाळलेल्या गाळावरून जावे लागते. शीड त्याच गाळावर बांधले जाते. बारीक काळी माती बाहीत जाते, ओली होते, वाळते आणि कॅम्बर व मास्ट यांच्यामध्ये पॉलिश पेपरासारखी बसते. रुंद बाही लवकर वाळत नाही, त्यामुळे ओले शीड गुंडाळून ठेवले की हा थर पक्का होतो.

मास्ट बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसावा, बाहीत नळीने साधे पाणी सोडावे आणि शीड उलटे टांगून सावलीत वाळवावे. मास्टच्या दोन तुकड्यांच्या जोडावर अनेक जण माती आत जाऊ नये म्हणून इन्सुलेशन टेप गुंडाळतात. टेप लावणे चांगले, पण तिची कड उन्हाने वितळून गुंडाळी झालेली असेल आणि कॅम्बर नेमका तिथेच येत असेल, तर तो त्या कडेवर अडतो. जुनी टेप काढून चिकटा पुसावा आणि नवी टेप एकच पदर लावावी. त्यानंतर कॅम्बर जिथे बसतात तेवढ्या भागावर कोरडा सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल किंवा ग्रीस लावू नये. एका काकांनी मोठ्या विश्वासाने खोबरेल तेल लावले होते. पहिल्या दिवशी शीड सुरेख उलटले आणि तिसऱ्या दिवशी तेलात भिजलेल्या मातीचा लगदा चमच्याने काढावा लागला.

कॅम्बर आणि चकत्या

इथपर्यंत सगळे करूनही अडत असेल, तरच चेन उघडून कॅम्बरकडे पाहावे. आधी तो मास्टवर सरळ बसला आहे का, ते पाहावे. मग त्याच्या दोन्ही भुजा बोटांनी हलक्या फाकवाव्यात. उन्हाने कडक झालेल्या प्लास्टिकमध्ये मुळाशी केसासारखी चीर दिसते. रोलर असलेल्या कॅम्बरमध्ये प्रत्येक रोलर बोटाने फिरवून पाहावे. एक जरी जाम झाले असेल तरी कॅम्बर त्याच बाजूला ओढत राहतो. कॅम्बर सुटे मिळतात, पण शिडाच्या उत्पादकाचे आणि त्याच वर्षाच्या मॉडेलचेच घ्यावेत, कारण बॅटनमध्ये घुसणाऱ्या शेपटीचे माप प्रत्येकाचे वेगळे असते. मास्टचे माप जुळते का तेही इथेच कळते. जाड मास्टचा बुंधा आतून ४८ मिलिमीटरचा आणि बारीक मास्टचा ३२ मिलिमीटरचा असतो. जाड मास्टसाठी केलेला कॅम्बर बारीक मास्टवर डुगडुगतो आणि निसटतो, तर बारीक मास्टचा कॅम्बर जाड मास्टवर धड बसतच नाही.

चकती काढणे हा या पायरीवरचा शेवटचा उपाय आहे. सगळ्यांत जास्त अडणाऱ्या एकाच कॅम्बरमधली एकच चकती काढावी, पाण्यावर दोन दिवस वापरून पाहावे आणि काढलेली चकती शिडाच्या पिशवीतच ठेवावी. जोराच्या वाऱ्यात तो कॅम्बर निसटू लागला, तर चकती परत घालावी आणि थोडा अडेलपणा सोसावा. खरे सांगायचे तर शर्यतीत उतरणाऱ्याने तो सोसावाच. सरळ धावेत मिळणारा वेग एका झटक्याच्या त्रासापेक्षा मोलाचा असतो. केवळ रविवारी सकाळी फेऱ्या मारणाऱ्याने मात्र चकती काढून सुखी व्हायला माझी हरकत नाही.

मास्टचा वाक

आता खर्चिक शक्यता. लीचची खूण बरोबर येते, वरचा भाग हवा तसा सैल आहे, तरीही खालचे दोन कॅम्बर घट्ट रुतलेले आहेत, असे दिसले तर मास्ट आणि शीड यांचा वाक जुळत नाही असा संशय घ्यावा. टोकाकडे जास्त लवणारा मास्ट वरचा भाग लवकर उघडतो, त्यामुळे खूण लवकर गाठली जाते. पण त्याचा खालचा भाग त्या मानाने सरळच राहतो आणि खालच्या बॅटनवरचा दाब सुटत नाही. इथे खूण आपल्याला फसवते. टोकाकडे ताठ असलेल्या मास्टचे उलटे होते: पोट सपाट होते, कॅम्बर सैल पडतात आणि लीच मात्र उघडत नाही. वापरलेला मास्ट वेगळ्या कंपनीच्या शिडाबरोबर घेतला असेल, तर हा संशय आणखी बळकट होतो.

हे मोजण्याची प्रमाणित पद्धत घरी करता येते. मास्ट जोडून त्याची दोन्ही टोके दोन सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकवावीत, टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणावा आणि मधोमध ३० किलो वजन टांगावे. तांदळाचे ३० किलोचे पोते चालते. ते रुंद पट्ट्याने टांगावे, दोरीने नव्हे, म्हणजे भार एका रेषेवर येणार नाही. वजनाशिवाय आणि वजनासह असे दोनदा मोजून फरक घ्यावा. मास्टची लांबी भागिले मधला झोल, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, हा ताठपणाचा आकडा होतो. ४६० चा मास्ट मध्यभागी १८.४ सेंटिमीटर लवला तर उत्तर २५ येते, आणि त्या लांबीसाठी तेच प्रचलित आहे. ४३० साठी २१ आणि ४९० साठी २९ धरतात. मग खालच्या आणि वरच्या टोकापासून पाव लांबीवरचा झोल मोजून तो मधल्या झोलाच्या किती टक्के आहे ते काढावे. वरच्या उदाहरणात खाली ११.८ म्हणजे ६४ टक्के आणि वर १४ म्हणजे ७६ टक्के आले, तर फरक १२ चा झाला. हा सम वाकाचा मास्ट. फरक १६-१८ च्या घरात गेला तर मास्ट टोकाकडे लवणारा, आणि सात-आठच्या खाली आला तर टोकाकडे ताठ. शिडाच्या पिशवीवर कोणता वाक हवा ते बहुधा लिहिलेले असते. ते जुळत नसेल, तर चकत्या आणि आट्यांशी झटापट थांबवावी. नवा मास्ट विकत घेण्याआधी कोणाचा तरी योग्य वाकाचा मास्ट एका दुपारपुरता मागून घ्यावा आणि खात्री करावी.

इथे थांबावे

मास्टवर आडवी पांढरी रेघ दिसली, अंगठ्याने दाबल्यावर एखादी जागा मऊ लागली, किंवा डाउनहॉल ओढताना करकर असा आवाज आला, तर त्याच क्षणी दोरी सोडावी. वजनाची चाचणीही अशा मास्टवर करू नये. ताणलेला कार्बनचा मास्ट फुटतो तेव्हा त्याच्या सळया कातडीत शिरतात, आणि जलाशयाच्या मध्यावर तो फुटला तर परत यायला वल्हेही हाताशी नसते. कार्बनचा जोड घरी इपॉक्सीने भरू नये. तो भाग ताठ होतो, वाक बदलतो आणि मास्ट भरलेल्या जागेच्या शेजारी फुटतो. हे काम कार्बनची दुरुस्ती जाणणाऱ्यानेच करावे.

बाहीची शिवण कॅम्बरजवळ उसवली असेल, बॅटनचा खण फाटला असेल, किंवा पारदर्शक फिल्मची चीर एका पॅनेलवरून शिवण ओलांडून दुसऱ्यात गेली असेल, तर शीड बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे. एकाच पॅनेलमधली बोटभर चीर दोन्ही बाजूंनी पारदर्शक टेप लावून हंगाम काढते. पण फिल्म पिवळी पडून कुरकुरीत झाली असेल, तर टेपच्या कडेपासून नवी चीर सुरू होते. ताडपत्री किंवा गाड्यांची सीट कव्हरे शिवणाऱ्याकडे शीड देण्याचा मोह पुण्यात सगळ्यांना होतो, मलाही झाला होता. त्याची शिवण मजबूत असते, दोष त्याचा नसतो. पण जाड सुईची आखूड टाक्यांची ओळ फिल्मला तिकिटासारखी छिद्रे पाडते आणि पहिल्या झोतात ती त्याच ओळीवर फाटते. शिवाय बाही पाच मिलिमीटर जरी आत घेतली गेली, तरी ती मास्टवर आवळली जाते आणि कॅम्बर पूर्वीपेक्षा जास्त अडतात.

आणि सगळ्या तपासण्या बरोबर येऊनही शीड अडत असेल, तर पुढच्या कडेची कमान बदलली आहे असे धरावे. हे बहुतेक वर्षानुवर्षे ताणून ठेवलेल्या, उन्हात बांधलेल्या अवस्थेत पडून राहिलेल्या शिडांत दिसते. त्याला घरगुती उपाय नाही. शीड उसवून पुन्हा बेतावे लागते. माझ्याकडे असे शीड आले की मी ते मुंबईला पाठवतो. पाठवताना सोबत मास्टच्या चाचणीचे तीन आकडे, एक्स्टेन्शनचे माप, प्रत्येक कॅम्बरमधल्या चकत्यांची संख्या आणि कोणता कॅम्बर कोणत्या बाजूला अडतो हे एका कागदावर लिहून पिशवीत घालावे, कारण कारागिरासमोर शीड तेवढे असते, मास्ट इथे पुण्यात आपल्या गॅलरीत टांगलेला असतो.